उंबरठ्यावर थांबलेला कायदा

संसदेच्या २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात, डिसेंबर महिन्यात, लोकसभेत एक तक्रार ऐकू आली. सभागृहाच्या आतच कोणी सदस्य ई-सिगारेट ओढीत असतात, असे दुसऱ्या पक्षाच्या एका सदस्यांनी उभे राहून सांगितले. अध्यक्षांनी कारवाईचे आश्वासन दिले, आरोप-प्रत्यारोप झाले आणि वर्तमानपत्रांना दोन दिवस खाद्य मिळाले. याच सभागृहाने २०१९ साली ई-सिगारेटवर बंदी घालणारे विधेयक संमत केले होते, हा विरोधाभास सर्वांनाच गमतीचा वाटला. परंतु पक्षीय धुरळ्यात एक साधा प्रश्न मागे पडला. बंद सभागृहात एकाने सोडलेला श्वास शेजारच्या बाकावरील सदस्याच्या छातीत जातो. त्या शेजाऱ्याचे काय? त्याने ती वस्तू विकत घेतलेली नाही, ओढलेली नाही, तिची त्याला आवडही नाही. तरीही तिचा वाटा त्याच्या पदरी येतोच.

हा प्रश्न केवळ दिल्लीचा नाही. चार भिंतींच्या आतली हवा कोणाची, आणि ती बिघडली तर जाब कोणाला विचारायचा, याचे उत्तर आपल्या कायद्याने अद्याप नीट दिलेले नाही. हे न दिलेले उत्तर किती महाग पडते, हे पाहायचे असेल तर संसद भवनापेक्षा गोंदिया जिल्ह्यातील बिडी वळणाऱ्या बाईचे घर अधिक उपयोगी आहे. मात्र तेथे जाण्याआधी ई-सिगारेटची गोष्ट पुरी केली पाहिजे. कारण या नव्या वस्तूने जुन्याच प्रश्नावरचा पडदा दूर केला आहे.

वाफ म्हणजे पाणी नव्हे

ई-सिगारेट ओढणारे तरुण सांगतात की, हा धूर नव्हेच, ही तर नुसती वाफ. हा समज चुकीचा आहे. त्या नळकांडीत विजेवर तापणारी एक बारीक तार असते व तिच्याभोवती एक द्रव असतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटिन यांचे ते मिश्रण होय. तार तापली की या द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार बनतात. त्यांत फॉर्माल्डिहाइड व ॲसिटाल्डिहाइड यांसारखी उष्णतेने निर्माण होणारी रसायने आणि तारेतून सुटणारे निकेल, शिसे इत्यादी धातूंचे अंश आढळतात. ओढणारा ते आत घेतो, काही शरीरात ठेवतो आणि उरलेले खोलीत सोडतो.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सिगारेट किंवा बिडी दोन झुरक्यांच्या मधल्या वेळातही जळत असते, आणि तिच्या टोकातून निघणारा धूर हाच इतरांच्या वाट्याला येणाऱ्या धुराचा मोठा भाग असतो. ई-सिगारेट अशी जळत राहत नाही. तिच्यातून बाहेर येते ते फक्त ओढणाऱ्याच्या उच्छ्वासातून. ते तुषारही धुरापेक्षा लवकर विरतात. म्हणून शेजाऱ्याला होणारा उपद्रव सिगारेटच्या तुलनेत कमी, हे म्हणणे खरे आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. निकोटिन भिंतींवर, पडद्यांवर, अंथरुणांवर बसते. रांगत्या मुलाचे हात तेथे लागतात आणि तेच हात तोंडात जातात. शिवाय धुराला निदान वास असतो, डोळे चुरचुरतात, माणूस उठून खिडकी उघडतो. स्ट्रॉबेरीच्या सुगंधाने कोणी खिडकी उघडीत नाही. नाकाला सुखावणारी हवा स्वच्छच असते, असा आपला भाबडा समज आहे आणि या धंद्याने तो चांगलाच हेरला आहे.

खोलीचे गणित

बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा वेगळी का वागते, हे समजायला मोठे शास्त्र लागत नाही. शाळेतले घनफळ पुरे आहे. १० फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच अशी खोली घ्या. तिचे घनफळ १,००० घनफूट, म्हणजे सुमारे २८ घनमीटर भरते. एक सिगारेट जळताना साधारणपणे १० मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडते. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. दारे-खिडक्या लावलेल्या त्या खोलीत हे कण पसरले की दर घनमीटरला सुमारे ३५० मायक्रोग्रॅम इतकी भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेली चोवीस तासांची सरासरी मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाने २००९ साली बाहेरच्या हवेसाठी ठरवलेली मर्यादा ६० आहे. क्षणाचा आकडा आणि दिवसाची सरासरी यांची तुलना तंतोतंत होत नाही हे खरे. खिडकी उघडताच आकडा घसरतो हेही खरे. पण थंडीच्या रात्री खिडकी बंद असते, सिगारेट एकच नसते आणि त्या खोलीत झोपलेले मूल उठून बाहेर जाऊ शकत नाही. मोकळ्या मैदानात जो धूर वाऱ्याबरोबर उडून जातो, तो खोलीत घरातल्या माणसांसारखा मुक्काम करतो.

घरातील धुराचा हा मुक्काम किती घातक, हे जगाला प्रथम ठळकपणे दिसले ते एका जपानी संशोधनातून. ताकेशी हिरायामा या शास्त्रज्ञाने १९८१ साली ९१,५४० स्त्रियांच्या चौदा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या स्त्रिया स्वतः धूम्रपान करीत नव्हत्या. तरीही ज्यांचे पती फार सिगारेटी ओढीत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांच्या पत्नींच्या मानाने सुमारे दुप्पट होते. तंबाखू कंपन्यांनी या निष्कर्षावर तुटून पडण्यात काही कसर ठेवली नाही. पण पुढे देशोदेशींच्या अभ्यासांनी त्याला दुजोराच दिला. आज जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे स्वतः न ओढलेल्या धुराने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या ज्ञानाची सुरुवात नाट्यगृहात किंवा रेल्वेच्या डब्यात झाली नाही. ती घरात झाली. कायदा मात्र नाट्यगृहात आणि रेल्वेच्या डब्यात पोहोचला, आणि घराच्या उंबरठ्यावर थांबला.

गोंदियात धूर कोठे आहे?

यावर आपल्या भागातील वाचक म्हणेल की, विदर्भात धूर आहेच कोठे? येथे लोक खर्रा खातात. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के होते. देशभराचा धूम्रपानाचा आकडा १०.७ टक्के असताना आपले राज्य या बाबतीत बरेच सुदैवी म्हणायचे.

पण या सुदैवाला दुसरी बाजू आहे. बिडी ओढणारा उत्तरेतल्या एखाद्या गावात बसलेला असतो. त्याची बिडी वळली जाते ती गोंदिया, भंडाऱ्याच्या एखाद्या घरात. धूर तिकडे जातो, धूळ इकडे राहते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; पण बिडीचे नाते त्याहून फार जुने आहे. एका बाजूला तेंदूचे रान आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे, अशा या मुलखात विसाव्या शतकाच्या आरंभापासून हा धंदा वाढला. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे रानात जाऊन पाने तोडायची, पुडे बांधून फळीवर द्यायचे आणि उरलेले वर्षभर घरात बसून बिड्या वळायच्या, हा येथील हजारो कुटुंबांचा ऋतुक्रम होता. धंदा आता पूर्वीइतका राहिलेला नाही; तरी संपलेलाही नाही. देशात बिडी कामगारांची सरकारी गणती सुमारे पन्नास लाखांची आहे आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

हे काम कसे होते ते पाहिले म्हणजे हवेचा प्रश्न आपोआप कळतो. पाने रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मांडीवर सूप घ्यायचे, सुपात वाळलेला जर्दा घ्यायचा आणि हजाराच्या हिशेबाने वळीत बसायचे. जर्दा हाताळला की त्याची भुकटी उडते. ती बाईच्या नाकातोंडात जाते, कपड्यांवर बसते, शेजारी झोपलेल्या लेकराच्या अंथरुणावर बसते, झाकण नसलेल्या पातेल्यात पडते. ज्या खोलीत काम चालते तीच बहुधा स्वयंपाकाची, निजण्याची व मुलांच्या अभ्यासाची असते. तंबाखूतील निकोटिन श्वासावाटे जाते तसेच त्वचेवाटेही जाते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बिडी उद्योगातील कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या लघवीत निकोटिनपासून बनणारे कोटिनिन आणि पेशींतील रंगसूत्रांवर तंबाखूच्या संपर्काच्या खुणा आढळल्या. ज्या बाईने आयुष्यात एकही बिडी ओढली नाही, तिच्या शरीरात तंबाखूची ही हजेरी आहे. ‘दुसऱ्याच्या तंबाखूचा उपसर्ग’ या शब्दांना याहून नेमका अर्थ कोणता असू शकेल?

कारखान्यातून घरात

हे काम घरात आले कसे, याचा इतिहास कायद्याच्या निकालपत्रांत लिहिलेला आहे. बिडीच्या धंद्यात मालक आणि मजूर यांच्यामध्ये सट्टेदार असतो. तो मालकाकडून पाने व जर्दा नेतो, घरोघरी वाटतो, तयार बिड्या गोळा करतो, छाट वेगळी काढतो आणि कारखान्यात पोहोचवितो. १९५८ साली, तत्कालीन मध्य प्रदेशातील एका बिडी कारखान्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सट्टेदार हा कारखाना कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. तो स्वतंत्र कंत्राटदार आहे. उलट १९६१ साली नागपूरच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, कारखान्यात येऊन बिड्या वळणारे मजूर, ते आपल्या सोयीच्या वेळी येत-जात असले तरी, कामगारच होत. दोन्ही निर्णय आपापल्या जागी तर्कशुद्ध होते. पण दोहोंतून मालकांनी एकच धडा घेतला: भिंतीच्या आत काम करून घ्याल तर जबाबदारी येईल, भिंतीबाहेर पाठवाल तर टळेल.

ही पळवाट बुजवण्यासाठी १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. मालकांनी त्याला आव्हान दिले आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. त्या कायद्याचे ऋण मानलेच पाहिजे. घरी काम करणाऱ्या बाईलाही त्याने कामगार म्हटले आणि तिला हक्क दिले. पण त्यातच एक चमत्कारिक गोष्ट राहून गेली. कामाच्या जागेत पुरेशी हवा खेळती असावी, धूळ उडत असेल तर ती श्वासात जाऊ नये अशी व्यवस्था मालकाने करावी, असे त्या कायद्याचे नववे कलम सांगत होते. परंतु ‘औद्योगिक जागा’ या शब्दांच्या व्याख्येतून खासगी राहते घर स्पष्टपणे वगळलेले होते. म्हणजे कामगार घरातली, पण खिडकी कारखान्याची! ज्या चार-दोन कारखान्यांत माणसे बसत होती त्यांच्यासाठी हवेचे कलम, आणि ज्या लाखो घरांत खरोखर बिडी वळली जात होती त्यांच्यासाठी काहीच नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी जुने कायदे पोटात घेतले. खासगी घर वगळण्याची रीत मात्र त्यांतही कायम राहिली.

चार कायदे, एकच रेषा

हा केवळ एका कायद्याचा दोष असता तर दुरुस्ती सोपी होती. पण देशातील हवेविषयीचे चारही कायदे एकाच रेषेवर येऊन थबकतात. १९६६ च्या कायद्याचे आताच पाहिले. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आणि त्याखालील मानके बाहेरच्या हवेचा विचार करतात. घरातील हवेसाठी पाळावेच लागेल असे कोणतेही मानक नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करतो. मुंबईचे मुरली देवरा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिलेल्या आदेशाने त्याची वाट मोकळी केली होती, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम खऱ्या अर्थाने लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. त्यातही घर हा विषय नाही.

राहिला २०१९ चा ई-सिगारेट कायदा. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण व जाहिरात एवढ्या सर्वांवर त्याने बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा कडक आहे. पण या लांबलचक यादीत ‘ओढणे’ हा शब्द नाही, आणि ‘शेजारी’ हा तर नाहीच. कायद्याने वस्तू पकडली, हवा पकडली नाही. बंदी असूनही ही नळकांडी चोरट्या वाटांनी विकली जातात हे अधूनमधून पडणाऱ्या छाप्यांवरून दिसतेच. आणि जी वस्तू कागदोपत्री अस्तित्वातच नाही, तिच्या वाफेविषयी वसतिगृहात वा कार्यालयात नियम करण्याची गरज कोणास वाटत नाही. हा बंदीचा एक अनपेक्षित परिणाम होय.

ई-सिगारेटवर एका दिवसात अध्यादेश निघाला, तो १८ सप्टेंबर २०१९ रोजी. तिच्यामागे येथे कामगार नव्हते, शेतकरी नव्हते, मतदारसंघ नव्हते. बिडीमागे ते सर्व आहेत. म्हणून बिडीला हात लावताना सरकारचा हात थरथरतो. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटवरील कर चाळीस टक्क्यांवर नेण्याचे ठरविले, आणि त्याच बैठकीत बिडीवरील कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर व तेंदूपानांवरील कर अठरावरून पाच टक्क्यांवर आणण्याचेही ठरविले. वास्तविक बिडीचा धूर सिगारेटच्या धुराहून सौम्य नाही. तेंदूचे पान सच्छिद्र नसते, ते विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि त्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड अधिक आत जातो. ही सवलत धुराच्या गुणाला नव्हे, वळणाऱ्या हातांच्या नावाने दिली गेली. मग त्या हातांच्या घरी तिच्यातले काय पोहोचले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९७६ साली बिडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी निर्माण करण्यात आला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी अनुदान ही कामे त्यातून होत. २०१७ साली नवी करपद्धती आली आणि तो उपकर रद्द झाला. बिडीच्या कट्ट्यातून थेट बिडी कामगाराकडे वाहणारा तो एक झरा आटला. कल्याणाचे काम आता सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीच्या मर्जीवर राहिले. कर कमी करताना कामगाराचे नाव घ्यायचे आणि निधी आटताना त्याचा विसर पडायचा, हा व्यवहार सरळ नव्हे.

दोन आक्षेप

या सगळ्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की, घर ही माणसाची शेवटची खासगी जागा आहे. तेथे निरीक्षक शिरू लागला तर गरिबाची धडगत राहणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु उंबरठा ओलांडण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे पोलिसाचा, असे कोणी सांगितले? १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली सरकार स्वयंपाकघरात गेलेच की! चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसे जळतात हे मान्य करून ते गॅसची शेगडी घेऊन गेले. दंडाची पावती घेऊन नव्हे. सिलिंडर भरून आणण्याची ऐपत किती घरांत आहे हा वेगळा वाद आहे. पण चुलीच्या धुरासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते जर्द्याच्या धुळीसाठी अमान्य करण्याचे कारण काय?

दुसरा आक्षेप पोटाचा. बिडी बंद झाली तर खायचे काय? हा आक्षेप केवळ मालकांचा डावपेच म्हणून झटकून टाकता येत नाही. जिच्या हातांत दुसरे कोणतेही काम नाही, तिला आरोग्याचे प्रवचन देणे सोपे आहे. तेंदूचा हंगाम हा या भागातील अनेक घरांचा खरिपाच्या बियाण्याचा पैसा असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने वनहक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणे स्वतःहून सोडले. त्या पानाची अखेर तंबाखूत होते आणि तोडीमुळे रानाची हानी होते, हे त्यांनी विचारात घेतले. हा निर्णय थोर खरा. पण त्यांच्याजवळ बांबूचे उत्पन्न होते हेही विसरता कामा नये. पर्याय आधी आणि त्याग नंतर, हाच क्रम माणुसकीचा. म्हणूनच येथे मागणी बिडी बंद करण्याची नाही. जोवर बिडी वळली जाते तोवर ती निजण्याच्या खोलीत वळली जाऊ नये, एवढीच आहे.

करता येण्याजोगे

ही मागणी अवघड नाही. बिडी वळणाऱ्या वस्त्यांत, ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जागेवर, दोन्ही बाजूंनी खुल्या अशा सामायिक पडव्या बांधता येतील. तेथे बाया एकत्र बसून काम करतील, जर्दा तेथेच राहील, आणि घरी येईल ती फक्त मजुरी. खर्चाचा वाटा बिडी उत्पादकांनी उचलावा. ज्यांना कारखान्याची भिंत बांधावी लागली नाही, त्यांनी छप्पर तरी बांधावे. एकत्र बसण्याचा आणखी एक लाभ आहे. घराघरांत विखुरलेली बाई सट्टेदाराने काढलेली छाट मुकाट्याने सोसते. दहा जणी एका पडवीत बसल्या म्हणजे हिशेब विचारला जातो.

दुसरे काम मोजणीचे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या सामाजिक वैद्यक विभागाने जिल्ह्यातील बिडी वळणाऱ्या घरांतील हवा आणि तेथील स्त्रिया-मुलांचे आरोग्य यांची वर्षभर पद्धतशीर नोंद केली, तर जो प्रश्न आज तक्रार समजला जातो तो पुरावा बनेल. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो, हे कचेरीत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरे काम शिक्षकांचे. तंबाखूमुक्त शाळेचे फलक आपल्याकडे बहुतेक शाळांवर लागले आहेत. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही, हा नियमही पाठ झाला आहे. पण फलक शाळेच्या भिंतीवर आहे, आणि मूल संध्याकाळी ज्या भिंतीला टेकून अभ्यास करते तेथे जर्द्याची गोणी आहे. पालकसभेत निदान एवढे सांगता येईल की, सूप मुलापासून दूर असू द्या, काम अंगणात किंवा ओसरीवर करा, अन्न झाकून ठेवा, बाळाला घेण्यापूर्वी हात धुवा. मोठ्या मुलांशी बोलताना ई-सिगारेटचा उल्लेख टाळू नये. बंदी आहे म्हणून गप्प बसणे हे शिक्षण नव्हे.

चौथे काम कार्यालयांचे. २००८ च्या नियमांनी शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थांचे प्रमुख यांनाही आपल्या आवारात दंड करण्याचा अधिकार दिलेला आहे. साहेबांच्या खोलीत सिगारेट पेटली तर कारकुनाने पंखा सुरू करायचा, ही जुनी शिस्त आता पुरे. आणि धुरासाठी जो नियम, तोच वाफेसाठी, असे प्रत्येक कचेरीने, वसतिगृहाने व ग्रंथालयाने आपल्या सूचनाफलकावर लिहावे. त्यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अशा नियमांनी घरातील हवा कशी सुधारेल, असे कोणी विचारील. त्याला आकडेच उत्तर देतात. २००९-१० च्या सर्वेक्षणात घरातील धुराला सामोरे जाणारे प्रौढ देशात ५२.३ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते ३८.७ टक्क्यांवर आले. या काळात धूम्रपान करणारेही १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले, हे एक कारण आहेच. पण तेवढ्याने एवढी घट उलगडत नाही. ज्याला कचेरीत, आगगाडीत आणि उपाहारगृहात बाहेर जाऊन ओढण्याची सवय लागते, तो घरीही अंगणात जाऊ लागतो, असा याचा अर्थ लावणे वावगे होणार नाही. कायदा जेथे पोहोचत नाही तेथे रीत पोहोचते. मात्र रीत पडावी म्हणून कोणीतरी आधी सांगावे लागते.

तरीही सर्व भार रीतीवर टाकून चालणार नाही. घराबाहेर जाऊन सिगारेट ओढणे हे ओढणाऱ्याच्या हातात आहे. बिडी घराबाहेर नेऊन वळणे हे वळणाऱ्या बाईच्या हातात नाही, कारण तिला बाहेर जागाच नाही. सवय बदलण्याचा उपदेश पहिल्याला करावा. दुसरीला जागा द्यावी. हा भेद जोवर कायदा करीत नाही, तोवर त्याच्या सगळ्या कलमांचा लाभ ज्यांना दार उघडून बाहेर जाता येते त्यांनाच होत राहील, आणि जिला दिवसभर दाराआड बसून हजाराचा हिशेब पुरा करायचा आहे तिच्या श्वासाची नोंद कोणत्याही वहीत होणार नाही.